शेवट माहीत आहे, तरी वाचायचं: डेअरडेव्हिलचं 'बॉर्न अगेन'

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)



गेल्या महिन्यात एका श्रोत्यांची मेल आली. तीनच ओळी होत्या, पण डोक्यात राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की सुपरहिरो कॉमिकमध्ये पुढे काय होणार ते पहिल्या चार पानांत कळतं. हिरो मार खाणार, पडणार, उठणार, व्हिलनला हाणणार. मग मोठ्या माणसाने ते वाचायचं कशासाठी?

यावर फॅन लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं: "नाही हो, तुम्ही अमुक वाचलं नाहीत, त्यात असा ट्विस्ट आहे ना!" मला ते उत्तर द्यायचं नाहीये. कारण ट्विस्ट काढून दाखवला की आपण मुळात मान्यच करून टाकतो की प्लॉट ओळखता आला म्हणजे गोष्ट फुकट गेली. आज मी उलटं करते. जिचा प्लॉट सगळ्यात सरळ आहे, अगदी शाळेतल्या पोराला सांगता येईल असा, तीच गोष्ट घेते. आणि ती माझ्या मते सुपरहिरो कॉमिक्समधल्या पहिल्या पाचांत आहे.

डेअरडेव्हिल, 'बॉर्न अगेन'. १९८६. अंक क्रमांक २२७ ते २३३, म्हणजे सात अंक. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड माझुकेली. आता मी सगळं सांगणार आहे, शेवटासकट. पण आजच्या भागाचा मुद्दाच असा आहे की त्याने तुमचं काही बिघडणार नाही.

ज्यांना डेअरडेव्हिल माहीत नाही त्यांच्यासाठी एक मिनिट. मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधला वकील. लहानपणी एका अपघातात डोळे गेले, पण बाकीची इंद्रियं प्रचंड तीक्ष्ण झाली. समोरच्याच्या छातीचे ठोकेसुद्धा त्याला ऐकू येतात, त्यामुळे कोण खोटं बोलतंय ते त्याला कळतं. दिवसा कोर्ट, रात्री लाल पोशाख घालून हेल्स किचन या मॅनहॅटनच्या पश्चिम भागातल्या वस्तीत मारामाऱ्या. १९६४ साली स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी हे पात्र आणलं. बरीच वर्षं ते स्पायडरमॅनची जरा फिकी आवृत्ती वाटावं असं चाललं होतं. १९७९ मध्ये मिलर आधी चित्रकार म्हणून आला, मग लिहायलाही लागला, आणि हे मासिक अंधारात शिरलं. मधे तो सोडून गेला आणि या सात अंकांसाठी परत आला.

आता प्लॉट. केरन पेज ही मॅटच्या ऑफिसात पूर्वी सेक्रेटरी होती, त्याची प्रेयसी होती. पहिल्याच अंकापासून, म्हणजे १९६४ पासूनची. ती नट्या व्हायला गेली होती, ते जमलं नाही, आणि आता मेक्सिकोत हेरॉइनच्या व्यसनात बुडाली आहे. एका डोससाठी ती एक माहिती विकते: डेअरडेव्हिलचं खरं नाव. ते नाव हातोहात विकलं जात किंगपिनपर्यंत पोहोचतं. किंगपिन, म्हणजे विल्सन फिस्क, न्यूयॉर्कच्या गुन्हेगारीचा बादशहा. तो मॅटचं आयुष्य मोडतो. मॅट तळाला जातो. तिथून परत येतो. संपलं.

पहिल्या दोन पानांत नाव विकलं गेलं की तुम्हाला सगळं कळतं. आणि समजा नाही कळलं, तर नाव 'बॉर्न अगेन' आहे! पुन्हा जन्म. प्रकरणांची नावंसुद्धा बघा: 'अपोकॅलिप्स', 'पर्गेटरी', 'पराया', 'बॉर्न अगेन', 'सेव्ह्ड'. यातलं 'पराया' मी मराठीत म्हटलं, इंग्रजीत 'परायाह' असं काहीतरी म्हणतात, बहिष्कृत या अर्थी. गंमत म्हणजे तो शब्द मुळात तमिळमधून इंग्रजीत गेलाय. तर, प्रलय, शुद्धीकरण, बहिष्कार, पुनर्जन्म, उद्धार. लेखकाने नकाशा भिंतीवर लावून ठेवलाय. त्याला काही लपवायचंच नाही.

आता माझा मुद्दा. 'काय होणार' हा प्रश्न सुटला की वाचणाऱ्याचं डोकं रिकामं होतं, आणि मग ते दुसरीकडे बघायला लागतं. हे कोणामुळे होतंय? या माणसाने आत्ता असं का केलं? त्याला ते किती महागात पडेल? आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्यांना आख्यान आधीच पाठ असतं, तरी लोक बसतात. ते काय ऐकायला बसतात, तेच इथे वाचायला मिळतं.

किंगपिनच्या हल्ल्यापासून सुरुवात करू, कारण तो मला व्यवसायामुळेही जवळचा वाटतो.

त्याला हिरोचं खरं नाव कळलंय. कुठल्याही दुसऱ्या कॉमिकमध्ये पुढच्या पानावर वीस गुंड घरात घुसले असते. फिस्क तसं करत नाही. एका सकाळी मॅट उठतो तर गृहकर्जाची बँक म्हणते तुमचे हप्तेच आलेले नाहीत. टॅक्स खात्याने खाती गोठवलेली. एक पोलीस अधिकारी शपथेवर सांगतो की मर्डॉकने साक्षीदाराला खोटं बोलायला पैसे दिले. वकिलीची सनद जाते. तुरुंग वाचतो तो फक्त मित्रामुळे, फॉगी नेल्सनमुळे.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हर पाडायचा हल्ला नाहीये. सर्व्हर चालू आहे. फक्त तुमच्या परमिशन एकेक करून काढून घेतल्यात, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्हाला जो नकार मिळतो तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. भांडायचं कुणाशी?

दोन वर्षांपूर्वी एका बँकेने केवायसीच्या कुठल्याशा कारणावरून माझं पगाराचं खातं नऊ दिवस गोठवलं होतं. मोठं काही नाही, सगळ्यांचं कधी ना कधी होतं. पण पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी मनात एक माणूस कल्पायला लागले आहे. कुठेतरी बसलेला, मुद्दाम करणारा. कारण मुद्दाम करणारा कुणीतरी असणं हे कुणीच नसण्यापेक्षा सोपं वाटतं. शत्रू असला की निदान गोष्ट तयार होते.

मॅटचं नेमकं हेच होतं. आणि इथेच मिलरने पात्र प्लॉटच्या पुढे नेलंय. कारण काही काळ मॅटकडे शत्रूच नाही. नुसती कागदपत्रं आहेत. ज्या माणसाची सगळी ताकद 'कुणाला मारायचं ते मला माहीत आहे' यावर उभी आहे, त्याला मारायला कुणी नाही. तसाच चार महिने गेला असता तर तो आतल्या आत संपला असता, आणि जगाने म्हटलं असतं, बिचारा, चांगला वकील होता.

मग फिस्क काय करतो? त्याचं घर बॉम्बने उडवतो.

हे वाचून मी पहिल्यांदा कपाळावर हात मारला होता. अरे, जिंकत होतास! पण मग कळतं की हा प्लॉटचा ढिसाळपणा नाही, हा फिस्क आहे. त्याला मॅट नष्ट व्हायला हवाच आहे, पण मॅटला कळायलाही हवंय की कुणी केलं. इतकं सुंदर काम करून खाली नाव न लिहिणं त्याला झेपत नाही. आणि बॉम्ब फुटल्याक्षणी मॅटच्या डोक्यात सगळं जुळतं. भंगारातून त्याला शत्रू सापडतो. म्हणजे फिस्कने त्याला एकच गोष्ट परत दिली, आणि नेमकी तीच देऊन तो हरला.

असंच पुढेही. अर्धवट वेडा झालेला मॅट फिस्कच्या ऑफिसात जातो, समोरासमोर भिडतो, आणि सपाटून मार खातो. तो हातात बेशुद्ध पडलाय. गोळी घाला, विषय संपला. पण फिस्क काय करतो, तर त्याला एका टॅक्सीत घालतो, अंगावर दारू ओततो, टॅक्सीवाल्याला मॅटच्याच काठीने मारून ठार केलेलं, आणि ती टॅक्सी ईस्ट नदीत ढकलून देतो. दारुड्या, खुनी वकील बुडून मेला असं दिसावं म्हणून.

आता 'व्हिलन हिरोला थेट मारत का नाही' हा सगळ्यात जुना, सगळ्यात थट्टेचा विषय ना? बाँडपटांपासून आपण हसतोय त्यावर. इथे तेच घडतं, आणि हसू येत नाही. कारण मधल्या पानांनी आपल्याला पटवून दिलेलं असतं की या माणसाला मॅटचा मृत्यू दुय्यम आहे. त्याला बदनामी हवी आहे. नाव पुसायचं नाहीये, नाव घाण करायचंय. एकच घटना: आळशी लेखकाच्या हातात ती पळवाट असते, इथे ती स्वभाव आहे. घटना बदललेली नाही हे लक्षात घ्या.

मग टॅक्सी बाहेर काढतात, आणि आत प्रेत नसतं.

ही बातमी कळल्यावर फिस्कला जी भीती वाटते ती मला या सात अंकांतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. डेअरडेव्हिलचं बिरुदच मुळी 'भय नसलेला माणूस' असं आहे. वीस वर्षं मुखपृष्ठावर छापलेली जाहिरातीची ओळ. मिलर ती उचलून फिस्कच्या डोक्यात विचार म्हणून ठेवतो: ज्याच्याकडे गमवायला काही उरलं नाही त्याला भीती कशाची? म्हणजे तो माणूस आपणच तयार केला. जाहिरातीच्या ओळीचं कुणी असं चीज केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

चित्रांबद्दल थोडं बोलायलाच हवं. माझुकेलीने नंतर मिलरबरोबर 'बॅटमॅन: इयर वन' केलं, आणि खूप नंतर, २००९ मध्ये, स्वतःचं 'अॅस्टेरिओस पॉलिप'. इथे तो अजून तरुण आहे आणि अंकागणिक सुधारतो, ते दिसतं. सुरुवातीच्या काही अंकांत तो एक साधी गोष्ट करतो. अंक उघडला की मॅट झोपलेला, आणि आपण वरून बघतोय. आधी स्वस्त लॉजची खाट, अंगाचं मुटकुळं केलेलं. मग गल्लीत, कचऱ्यात. मग मिशनमधला पलंग, नन्सच्या देखरेखीखाली. एकही वाक्य वाचलं नाही तरी माणूस कुठवर गेलाय ते कळतं. आणि लाल पोशाख? मधली कितीतरी पानं तो मॅटच्या अंगावर नाहीच. सुपरहिरो कॉमिक, आणि सुपरहिरो दाढी वाढवून, ताप आलेला, जखम दाबत फिरतोय. ती जखमसुद्धा कुणी मोठ्या व्हिलनने केलेली नाही. टर्क नावाचा एक भुरटा आहे, एरवी विनोदासाठी येणारा. नाताळचे दिवस असतात, तो सांताक्लॉजच्या वेशात असतो, आणि तो मॅटला भोसकतो. हा अपमान मला बॉम्बपेक्षा लागला.

पण खरं सांगू? या गोष्टीचा नायक माझ्या मते मॅट नाही. बेन युरिक आहे.

युरिक हा 'डेली ब्युगल'मधला पत्रकार. हडकुळा, चष्मेवाला, सतत सिगारेट. त्याला मॅटचं गुपित ठाऊक आहे, आणि मॅटला फसवलं गेलंय हेही तो हुडकून काढतो. त्या खोट्या साक्षीच्या पोलीस अधिकाऱ्यापर्यंत, निक मनोलिसपर्यंत तो पोहोचतो. मनोलिस वाईट माणूस नाही. आजारी मुलाच्या उपचारांसाठी त्याने आयुष्यात एकदा खोटं बोललंय. मॅटला त्याचे ठोके ऐकून ते कळलेलंही असतं, पण कोर्टात छातीचे ठोके पुरावा म्हणून चालत नाहीत.

तर युरिक मागे लागतो. आणि फिस्कची माणसं त्याला इशारा देतात. एक दांडगी नर्स त्याच्या हाताची बोटं मोडते. लिहिणाऱ्या माणसाची बोटं.

इथे नेहमीच्या कॉमिकमध्ये काय झालं असतं? पट्टी बांधलेल्या हाताने त्याने त्याच रात्री बातमी टाइप केली असती. युरिक घाबरतो. नुसता घाबरतो. मर्डॉकचं नाव कुणी काढलं की विषय बदलतो, मला यात पडायचं नाही म्हणतो. मनोलिसचा फोन येतो, त्याला कबुली द्यायची आहे, आणि फोनवर बोलता बोलताच त्याचा गळा आवळला जातो. युरिकच्या कानात. तो ऐकतो, आणि तरीही लगेच शूर होत नाही.

आता बघा, उघड प्लॉटचा फायदा कुठे झाला. मॅट जगणार हे मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात २३४वा अंक येणारच आहे, कंपनीला तो विकायचा आहे. मॅटला कथेचं विमा संरक्षण आहे. युरिकला नाही. तो मेला असता तरी मासिक चालू राहिलं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो जगून गप्प बसला असता, तरीही चाललं असतं. कुणीच त्याला दोष दिला नसता, मीही नाही. मोडलेली बोटं आहेत, घरी बायको आहे, आणि पुढे हल्ला तिच्यापर्यंतही पोहोचतो. म्हणून सगळा ताण तिथे सरकतो. मी पानं उलटत होते ती मॅट उठेल का म्हणून नाही. हा माणूस तोंड उघडेल का, यासाठी.

आणि तो जेव्हा उघडतो, तेव्हा तिथे कुठलीही उडी नाही, ठोसा नाही. न्यूजरूम आहे, संपादक आहे, आणि एक माणूस ज्या नावाला टाळत होता ते नाव घेतो. त्याचा संपादक जे. जोना जेमसन. हो, तोच, स्पायडरमॅनच्या नावाने बोटं मोडणारा विनोदी म्हातारा. तो इथे थट्टेचा विषय नाही. वर्तमानपत्र हातात असणं म्हणजे काय ताकद असते हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि तो आपल्या माणसामागे उभा राहतो. एरवीचं व्यंगचित्र इथे माणूस होतं, ते दोन-तीन पानांत.

जाता जाता सिस्टर मॅगी. मॅटला मरता मरता वाचवते ती नन. ती त्याची लहानपणीच निघून गेलेली आई आहे, हे वाचकाला फार लवकर कळतं, मिलर लपवतच नाही. मॅट तिला विचारतो. ती नाही म्हणते. आणि मॅटला छातीचे ठोके ऐकू येतात. बस, एवढंच. तो पुढे वाद घालत नाही. वीस वर्षं मारामारीत वापरलेली शक्ती, आणि तिचा सगळ्यात चांगला उपयोग आईचं खोटं पकडून गप्प बसण्यात.

आता तक्रारी. कारण हे सगळं देवाचं लिहिलेलं नाही.

पहिली, केरन. सगळी आग तिच्यामुळे लागते आणि तिला मिळतं काय? ती मेक्सिकोहून न्यूयॉर्कला येते, एका घाणेरड्या माणसाच्या तावडीत, फिस्कची माणसं तिला मारायला टपलेली. तिच्या व्यसनाची पानं खरीखुरी वाटतात, त्यात गोडवा नाही, हे मान्य. पण शेवटी मॅट तिला मिठीत घेतो, माफ करतो, आणि व्यसनमुक्तीचा सगळा रस्ता जणू दोन अंकांच्या मधल्या महिन्यात होऊन जातो. मॅटच्या माफीवर माझा विश्वास बसतो. ज्याचं सगळं गेलंय त्याला गेलेल्या सामानाचा हिशेब नकोसा वाटू शकतो, ते पात्रात बसतं. केरनचं काय झालं ते मात्र आत जाऊन कुणी बघत नाही. तिने स्वतःला माफ केलं का? पान नाही त्यावर. वीस वर्षं जुनी नायिका घेऊन तिला गोष्टीची काडेपेटी करायचं, आणि नंतर काडेपेटी खिशात ठेवायची, हे मला खटकतं. मॅटची मैत्रीण ग्लोरी ओब्रीन हिचंही तसंच, ती नुसती इकडून तिकडे सरकवली जाते.

दुसरी तक्रार शेवटच्या दोन अंकांची, आणि ती माझ्या मुद्द्याला उलट बाजूने आधार देते. २३२ मध्ये न्यूक येतो. गालावर, चेहऱ्यावर अमेरिकेचा झेंडा गोंदलेला, लाल-पांढऱ्या-निळ्या गोळ्या खाणारा वेडा सैनिक. मॅट जिवंत आहे म्हणून हवालदिल झालेला फिस्क त्याला हेल्स किचनवर सोडतो. हेलिकॉप्टर, मशीनगन, आगी. मग कॅप्टन अमेरिका येतो, अ‍ॅव्हेंजर्स येतात, सरकारी गुपितं निघतात. हे कुणालाच अपेक्षित नसतं. पूर्ण गोष्टीत खरोखर अनपेक्षित असलेला भाग हाच! आणि सगळ्यात पातळही हाच. कारण नवीन घटना समजावण्यात पानं जातात, आणि मॅट, युरिक, केरन यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. कॅप्टन अमेरिका ज्या झेंड्याखाली उभा आहे त्याच झेंड्याचा भयानक वापर त्याला बघावा लागतो, ती पानं चांगली आहेत. पण ती दुसऱ्या एखाद्या गोष्टीतली वाटतात. काही वाचक म्हणतात की फिस्कचा तोल जाणं यातून दिसतं, कागदांनी मारणारा माणूस बंदुकीवर येतो. तर्क ठीक आहे. मला पानांवर तो तोल जाताना दिसला नाही, एकदम गेलेला दिसला.

त्याच दोन अंकांत मॅट एका खानावळीत कुक म्हणून काम करतोय. अंडी तळतोय. सनद परत मिळालेली नाही, घर परत मिळालेलं नाही. हे मला हेलिकॉप्टरपेक्षा जास्त आठवतं.

कुणी म्हणेल, धक्का देणाऱ्या गोष्टीही असतातच की चांगल्या. असतात. १९७३चा 'अमेझिंग स्पायडरमॅन' १२१ घ्या, ग्वेन स्टेसीचा मृत्यू. तो तर इतका जपलेला धक्का होता की गोष्टीचं नावच शेवटच्या पानावर छापलं, पहिल्या पानावर असतं तर सगळं फुटलं असतं. हिरोची प्रेयसी मरते आणि तो वाचवू शकत नाही, हे तेव्हा होत नसे. पण आज तो धक्का कुणालाच नवा नाही, पन्नास वर्षं झाली. मग आज त्यातलं काय उरलंय? माझ्या मते त्याच्या पुढच्या, १२२व्या अंकाचं शेवटचं पान. मेरी जेन ही तोपर्यंत उथळ, पार्ट्या करणारी पोरगी म्हणून दाखवलेली. पीटर दुःखात तिच्यावर वाटेल ते बोलतो, निघून जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते, थांबते, आणि दार आतून लावून घेते. तिथे धक्का नाही. कितीही वेळा वाचा, ते दार दर वेळी लागतं.

टीव्हीचं विचाराल म्हणून सांगते. २०१५ ला सुरू झालेल्या नेटफ्लिक्सच्या डेअरडेव्हिल मालिकेचा तिसरा सीझन, २०१८चा, या अंकांतून बरंच घेतो. मॅगी आहे, तळाला गेलेला मॅट आहे, फिस्कचा संयम आहे. २०२५ मध्ये डिस्नेने जी नवी मालिका आणली तिचं नाव 'बॉर्न अगेन' आहे, पण तिचा पहिला सीझन म्हणजे ही गोष्ट नव्हे. नाव बघून फसू नका. आणि नेटफ्लिक्सवाल्या मालिकेत युरिकचं जे केलंय ते मला अजून पचलेलं नाही, त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

वाचायचं असेल तर सातही अंक एका पुस्तकात मिळतात, डिजिटलही आहे. आधीचं काही वाचलेलं नसलं तरी चालतं, केरन कोण ते आता तुम्हाला माहीत आहे. एकच करा: पहिल्या वाचनात मॅटच्या मागे जा, दुसऱ्यांदा उघडाल तेव्हा फक्त युरिकची पानं वाचा, बाकीची सोडून. तो कुठल्या पानावर मर्डॉकचं नाव घ्यायचं बंद करतो आणि कुठे परत घेतो, ते बघा. आणि ज्यांनी मेल पाठवली होती त्यांनी वाचून झाल्यावर परत लिहा, पटलं नाही तरी लिहा. केरनबद्दल माझ्याशी कुणी भांडलं तर मला आवडेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.